सुवार्तावादी ख्रिस्ती मंडळीची श्रद्धा आणि जीवनमूल्ये : जालन्याजवळील ‘बेथेल’ वसाहतीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मराठवाड्याच्या धार्मिक इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणे अजिंठा व वेरूळची लेणी, पैठणची संतपरंपरा आणि खुलताबादचे सूफी दर्गे यांकडे वळते. अजिंठा डोंगररांगेच्या दक्षिणेकडील पठारावर एकोणिसाव्या शतकात आणखी एक धार्मिक प्रवाह रुजला. तो म्हणजे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती धर्मातील सुवार्तावादी अथवा इव्हँजेलिकल प्रवाह. औरंगाबाद येथे चर्च मिशनरी सोसायटीचे रतनजी नवरोजी आणि जालना येथे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे रेव्हरंड नारायण शेषाद्री हे या प्रवाहाचे येथील दोन प्रमुख प्रतिनिधी होत. दोघेही भारतीय होते. एक पारशी कुळात जन्मलेला, तर दुसरा देशस्थ ब्राह्मण कुळात. ‘मिशनरी म्हणजे गोरा साहेब’ ही समजूत मराठवाड्यापुरती तरी तपासून पाहावी लागते, हे यावरून लक्षात येते.

ख्रिस्ती मिशनांविषयी मराठीत झालेले बरेचसे लेखन शिक्षण, मुद्रण व वैद्यकीय सेवा यांभोवती केंद्रित झाले आहे. या कार्यामागे कोणती श्रद्धा होती आणि त्या श्रद्धेतून कोणती जीवनमूल्ये निर्माण झाली, हा प्रश्न तुलनेने उपेक्षित राहिला. मिशनांची प्रशंसा करणारे आणि त्यांवर टीका करणारे अशा दोन्ही बाजूंच्या लेखकांनी श्रद्धेकडे पुष्कळदा केवळ एक निमित्त म्हणून पाहिले. प्रस्तुत शोधनिबंधात जालन्याजवळील ‘बेथेल’ या ख्रिस्ती वसाहतीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१) सुवार्तावादी मंडळीच्या मूलभूत श्रद्धांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) या श्रद्धांना निजामी मुलखातील ग्रामव्यवस्थेत कोणते सामाजिक रूप प्राप्त झाले, याचा शोध घेणे.
३) व्यक्तिगत धर्मांतराचे तत्त्व आणि जातिबद्ध समाजाचे वास्तव यांतील ताण अभ्यासणे.

सुवार्तावादी श्रद्धेचे स्वरूप :

सुवार्तावाद म्हणजे एखादा स्वतंत्र पंथ नव्हे. अठराव्या शतकात ब्रिटन व अमेरिकेत झालेल्या धार्मिक जागृतीतून तो उदयास आला आणि प्रॉटेस्टंट धर्मातील अनेक शाखांमध्ये पसरला. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल व बाप्टिस्ट अशा भिन्न शाखांचे लोक त्यात होते. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुवार्तावादाची चार लक्षणे सांगितली असून ती अभ्यासकांत सर्वमान्य झाली आहेत. पहिले लक्षण म्हणजे पवित्र शास्त्र, अर्थात बायबल, हेच श्रद्धेचे अंतिम प्रमाण मानणे. दुसरे, ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील मरणाला तारणाचा एकमेव आधार मानणे. तिसरे, प्रत्येक व्यक्तीने पश्चात्तापपूर्वक स्वतःचे मन पालटले पाहिजे असा आग्रह, आणि चौथे, श्रद्धा ही कृतीतून व सेवेतून प्रकट झाली पाहिजे ही धारणा.

या चार लक्षणांमधून चार जीवनमूल्ये निष्पन्न होतात. शास्त्र हेच प्रमाण असेल, तर ते प्रत्येकाला आपल्या मातृभाषेत वाचता आले पाहिजे. म्हणून साक्षरता हे धार्मिक कर्तव्य ठरते. तारण केवळ देवाच्या कृपेने मिळत असेल, तर जन्म, कुळ वा कर्मकांड यांमुळे कोणाचाही अधिकार वाढत नाही. म्हणून देवापुढील समता हे तत्त्व ठरते. मनःपरिवर्तन व्यक्तिगत असेल, तर आईबाप, जात किंवा राजसत्ता यांना व्यक्तीच्या वतीने श्रद्धेचा निर्णय घेता येत नाही. म्हणून सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य मान्य करावे लागते. श्रद्धा कृतीतून दिसायची असेल, तर श्रम, मद्यवर्जन, रविवारचा शब्बाथ पाळणे आणि कौटुंबिक प्रार्थना यांना शिस्तीचे स्वरूप येते. मराठी ख्रिस्ती परिभाषेतील ‘पाप’, ‘कृपा’, ‘तारण’, ‘नवा जन्म’, ‘साक्ष’ हे शब्द याच विचारव्यूहात अर्थपूर्ण होतात.

फ्री चर्च व ‘मंडळी’ची कल्पना :

नारायण शेषाद्री ज्या फ्री चर्चचे पाळक होते, त्या चर्चची स्थापना १८४३ मध्ये झाली. स्कॉटलंडच्या प्रस्थापित चर्चमध्ये स्थानिक मंडळीवर पाळक नेमण्याचा अधिकार जमीनदार आश्रयदात्यांकडे होता आणि न्यायालये त्यांच्या बाजूने निर्णय देत होती. याचा निषेध म्हणून मे १८४३ मध्ये साडेचारशेहून अधिक पाळकांनी आपली घरे व वेतने सोडून स्वतंत्र चर्च स्थापन केले. १८२९ पासून मुंबईत कार्य करणारे डॉ. जॉन विल्सन व त्यांचे सहकारी याच चर्चमध्ये सामील झाले.

या चर्चची श्रद्धा सतराव्या शतकातील वेस्टमिन्स्टर श्रद्धाकबुलीवर आधारलेली होती. १०७ प्रश्नोत्तरांच्या लघु प्रश्नावलीद्वारे ती मुलांना व नवख्रिस्ती व्यक्तींना शिकविली जात असे. प्रशासनाच्या दृष्टीने हे चर्च प्रेस्बिटेरियन, म्हणजे ‘वडीलजनां’च्या सभेद्वारे चालणारे होते. पाळकाबरोबर मंडळीने निवडलेले वडील कारभार पाहत आणि सभासदांच्या आचरणावर देखरेख ठेवत. स्थानिक मंडळीचा कौल मोलाचा मानणारी ही कल्पना वंशपरंपरागत वतनांवर उभ्या असलेल्या मराठवाड्यातील खेड्यात सर्वस्वी नवी होती.

१८४३ चे प्रकरण : निर्णय कोणाचा?

नारायण शेषाद्री हे निजामी मुलखातील परळीकर घराण्यातले. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात शिकत असताना ख्रिस्ती धर्माकडे त्यांचा ओढा निर्माण झाला व सप्टेंबर १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली. श्रीपत अल्पवयीन असल्याने त्याला वडिलांच्या ताब्यात देण्याचा निर्णय सर अर्स्किन पेरी यांनी दिला. नारायण मात्र जाणत्या वयाचे असल्याने त्यांचा निर्णय त्यांच्याकडेच राहिला.

श्रीपतने मिशनऱ्यांच्या घरी अन्नग्रहण केले असल्याने त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मुंबईच्या ब्राह्मणवर्गात मोठा वाद झाला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी शुद्धीचा पक्ष घेतला व त्यासाठी सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला.

या प्रकरणाकडे सामान्यतः धर्मांतर व शुद्धी यांच्या इतिहासातील घटना म्हणून पाहिले जाते. परंतु त्यात श्रद्धेच्या दोन भिन्न कल्पना समोरासमोर आल्या होत्या. सुवार्तावाद्यांच्या मते धर्म हा अंतःकरणाचा निर्णय होता. जातिसमाजाच्या दृष्टीने धर्म हा अन्न, विवाह व संगत यांचा व्यवहार होता. श्रीपतच्या मनात काय आहे यापेक्षा त्याने कोणाच्या पंक्तीला भोजन केले, हा प्रश्न तेथे महत्त्वाचा होता. आपला मुलगा दुरावल्याचे त्या पित्याचे दुःखही खरे होते. व्यक्तीच्या विवेकस्वातंत्र्याची किंमत कुटुंबाने मोजावी लागते, हे या श्रद्धेच्या इतिहासात पुढेही वारंवार आढळते. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाईंनी सोसलेला वियोग ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकांना परिचित आहे.

जालन्यातील कार्य आणि बलुतेदारीचा प्रश्न :

१८५४ मध्ये नारायण शेषाद्री यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १८६० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. जालना येथे १८२७ पासून इंग्रजांची लष्करी छावणी होती. त्यामुळे मिशनला तेथे काही प्रमाणात संरक्षण उपलब्ध होते. मात्र छावणीच्या बाहेर निजामाचा अंमल होता.

विद्यालयातील उच्चवर्णीय विद्यार्थ्यांना इंग्रजी शिक्षणाद्वारे ख्रिस्ती विचारांकडे आणावे, ही स्कॉटिश मिशनची मुंबईतील पद्धती होती. जालन्यात परिस्थिती वेगळी झाली. सुवार्ता स्वीकारणाऱ्यांमध्ये बहुसंख्य लोक खेड्यापाड्यांतील मातंग समाजाचे, तत्कालीन कागदपत्रांच्या भाषेत ‘मांग’, होते. ज्या समाजाच्या सावलीचाही विटाळ मानला जात असे, त्यांच्यात एका ब्राह्मण कुळातील पाळकाने वावरणे, त्यांच्यासह प्रभुभोजनाच्या विधीत एकाच भाकरीचा व प्याल्याचा सहभागी होणे, ही त्या काळात असामान्य बाब होती. कृपेपुढे कोणीही उच्च वा नीच नाही, ही श्रद्धा येथे उपदेशाच्या पातळीवर न राहता व्यवहारात उतरली.

तथापि, मातंग कुटुंबाच्या दृष्टीने बाप्तिस्मा हा केवळ अंतःकरणाचा प्रश्न नव्हता. मांग हा गावगाड्यातील बलुतेदार होता. दोरखंड वळणे, केरसुण्या करणे, वाजंत्री वाजविणे आणि ग्रामदेवतांच्या विधींतील ठरावीक कामे करणे या मोबदल्यात त्याला खळ्यावर धान्याचे बलुते मिळत असे. यांतील कित्येक कामे देवदेवतांच्या पूजेशी जोडलेली होती. नव्या श्रद्धेनुसार ती करणे निषिद्ध होते. ती सोडली की बलुते बंद होई आणि गावाच्या हद्दीत राहणेही कठीण होई. ‘एकाच देवाची भक्ती’ ही धर्मशास्त्रीय आज्ञा भूमिहीन बलुतेदाराच्या बाबतीत थेट उपजीविकेचा प्रश्न ठरत होती.

कायद्याचा आधारही येथे दुर्बल होता. कंपनी सरकारच्या मुलखात १८५० च्या २१ व्या कायद्यान्वये धर्म बदलल्यामुळे वारसाहक्क गमावला जाऊ नये, अशी तरतूद झाली होती. निजामाच्या राज्यात हा कायदा लागू नव्हता. शिवाय ज्याच्याकडे वारशाने येण्यासारखी जमीनच नाही, त्याला वारसाहक्काच्या संरक्षणाचा उपयोगही मर्यादितच होता. त्याला हवी होती ती जमीन.

बेथेल : श्रद्धेला लाभलेली भूमी :

या पार्श्वभूमीवर नारायण शेषाद्री यांनी हैदराबादचे दिवाण सर सालारजंग (कार्यकाळ १८५३ ते १८८३) यांच्याकडून जालन्याजवळ जमीन मिळविली आणि १८७० च्या सुमारास तेथे ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. तिला ‘बेथेल’ असे नाव देण्यात आले. या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘देवाचे घर’ असा आहे. बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकात घर सोडून रानात निघालेल्या याकोबाला जेथे देवाचे दर्शन घडले, त्या स्थळाचे हे नाव होय. घरादारास मुकलेल्या माणसांच्या वसाहतीला दिलेले हे नाव पुरेसे बोलके आहे. उपासनामंदिर, शाळा व शेती हे या वसाहतीचे तीन आधार होते.

प्रस्थापित सत्तेच्या हस्तक्षेपाविरुद्ध उभ्या राहिलेल्या फ्री चर्चने एका मुस्लिम राज्याच्या दिवाणाकडून जमीन स्वीकारावी, ही प्रथमदर्शनी विसंगती वाटते. परंतु फ्री चर्चचे प्रमुख नेते थॉमस चाल्मर्स यांच्या मते राज्यसत्तेने धर्मकार्यास साहाय्य करण्यास हरकत नव्हती. मंडळीच्या आध्यात्मिक कारभारात ढवळाढवळ करण्यास हरकत होती. सालारजंगांच्या बाजूनेही पडीक जमीन लागवडीखाली येणे आणि ब्रिटिशांशी सलोखा राहणे राज्याच्या हिताचे होते. श्रद्धा व प्रशासन यांचे हितसंबंध अशा रीतीने एका ठिकाणी जुळून आले.

बेथेलमुळे मातंग कुटुंबांना प्रथमच गावकुसाबाहेरील वस्तीऐवजी स्वतःच्या गावात राहता आले. श्रमाला प्रतिष्ठा देणारे सुवार्तावादी मूल्य येथे शेतीच्या रूपाने प्रकट झाले. शाळेमुळे मुले व मुली वाचू लागली. वाचनाचे प्रयोजन प्रथमतः बायबल हेच होते. पण एकदा अक्षरओळख झाली की वाचकाचा मार्ग कोणालाही पूर्णपणे ठरवता येत नाही.

मातृभाषा आणि उपासना :

शास्त्र मातृभाषेत असावे, या आग्रहाचा मराठीशी निकटचा संबंध आहे. १८१३ मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने १८२६ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध केला. याच मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथून सुरू झाले. स्कॉटिश मिशनच्या परंपरेतून पुढे आलेल्या बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये प्रकाशित झाले. कृष्णराव रत्नाजी सांगळे व पुढे ना. वा. टिळक यांच्या रचनांमुळे मराठी उपासनेत देशी चाली व अभंग रूढ झाले.

पंडिता रमाबाईंनी या मूल्याला सर्वाधिक कठोर कसोटी लावली. केडगाव येथे १८९८ मध्ये आकारास आलेल्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी बायबलचे नवे भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द अल्पशिक्षित स्त्रीला समजत नाहीत, म्हणून साध्या मराठीत शास्त्र आणण्यासाठी त्या आयुष्याच्या अखेरपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, झटल्या. संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘प्रत्येकाने स्वतः वाचावे’ हे तत्त्व मान्य केले की ‘प्रत्येकाला समजेल असे लिहावे’ हेही ओघाने येते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मूल्यांमधील अंतर्गत ताण :

बेथेलचे यश व मर्यादा या दोन्हींचा उगम एकाच श्रद्धेत आहे, असे प्रस्तुत अभ्यासातून दिसून येते. हा ताण तीन पातळ्यांवर स्पष्ट करता येईल.

पहिली पातळी व्यक्ती व समूह यांची. तत्त्वतः प्रत्येकाने एकट्याने देवापुढे उभे राहावयाचे होते. प्रत्यक्षात कुटुंबेच्या कुटुंबे व नातेवाईक एकत्र मंडळीत येत. म्हणून ख्रिस्ती मंडळ्या उमेदवारांना काही काळ शिक्षण देऊन, परीक्षा घेऊनच बाप्तिस्मा देत. दुष्काळात हा प्रश्न अधिक तीव्र होई. भुकेल्याला अन्न देणे हे कर्तव्य होते. पण भुकेपोटी स्वीकारलेली श्रद्धा ही श्रद्धा मानावी काय, ही शंका मिशनऱ्यांच्याही मनात असे. टीकाकार याच शंकेला आरोपाचे रूप देत. तथापि, ज्या समाजात अन्न, जमीन व सन्मान हे सर्व जातीनुसार मिळत होते, तेथे शुद्ध आध्यात्मिक हेतू व ऐहिक हेतू यांची काटेकोर विभागणी करणे इतिहासकाराला कठीण आहे. मातंग कुटुंबाला माणूस म्हणून मिळालेली वागणूक हा त्याच्या दृष्टीने सुवार्तेचाच भाग होता.

दुसरी पातळी समता व पृथक्ता यांची. स्वतंत्र वसाहतीमुळे छळापासून संरक्षण मिळाले. परंतु मूळ गावातील अस्पृश्यता तशीच राहिली. ज्याने गाव सोडले तो सुटला, गाव बदलले नाही. या संदर्भात १८७३ हे वर्ष लक्षणीय आहे. त्या वर्षी २४ सप्टेंबर रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. फुले यांचेही शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत नारायण शेषाद्री भारतीय पोशाखात उपस्थित होते. देव व मनुष्य यांच्यामध्ये मध्यस्थ पुरोहिताची आवश्यकता नाही, हा विचार दोघांनाही मान्य होता. फुले यांनी त्या विचाराच्या आधारे गावातल्या गावात पुरोहितशाहीला आव्हान दिले. शेषाद्री यांनी गावाच्या बाहेर नवे गाव वसविले. एका मार्गात संघर्ष होता, दुसऱ्यात आश्रय. त्या काळातील मातंग कुटुंबाला दोहोंचीही गरज होती.

तिसरी पातळी स्वातंत्र्य व पालकत्व यांची. वडीलजनांच्या सभेद्वारे स्वयंशासन हे मंडळीचे तत्त्व होते. परंतु वसाहतीत पाळक हाच शिक्षक, सल्लागार व राज्याशी बोलणी करणारा प्रतिनिधी होता. जमीन व उपासना यांचा कारभार एकाच व्यक्तीभोवती फिरू लागला की सभासदांचे स्वातंत्र्य संकुचित होते. १८९१ मध्ये नारायण शेषाद्री यांचे निधन झाले. गावगाड्याच्या आश्रितपणातून सुटलेल्या माणसांना मंडळीतही आश्रित न ठेवता स्वावलंबी कसे करावे, हा प्रश्न महाराष्ट्रातील सर्वच ख्रिस्ती मंडळ्यांपुढे पुढील काळात राहिला. टिळकांनी १९१७ मध्ये आरंभिलेला ‘देवाचा दरबार’ हा मिशनच्या चौकटीबाहेरील ख्रिस्ती बंधुत्वाचा प्रयत्न याच अस्वस्थतेतून जन्मला.

उत्तरकाळ :

विसाव्या शतकात चर्चचे विलीनीकरण होत गेले. प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरांतील मंडळ्या १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. विदेशी पंथभेद मागे पडले. सामाजिक प्रश्न मात्र नव्या रूपात पुढे आला. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित ठेवण्यात आला. १९५६ मध्ये शिखांचा व १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती व मुस्लिम मात्र बाहेरच राहिले. या विषयाच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.

‘ख्रिस्तात जात नाही’ हे मंडळीचे श्रद्धावचन होते, सामाजिक वस्तुस्थितीचे वर्णन नव्हते. कायद्याने ते वस्तुस्थिती म्हणून स्वीकारले. परिणामी ज्यांच्या पूर्वजांनी समतेच्या आशेने बाप्तिस्मा घेतला, त्यांना समाज जातीने ओळखतो. संरक्षणाच्या वेळी मात्र जातीबाहेरचे ठरविले जाते.

निष्कर्ष :

१) सुवार्तावादी मंडळीची शास्त्रप्रामाण्य, कृपा, मनःपरिवर्तन व सेवा ही तत्त्वे अनुक्रमे साक्षरता, समता, विवेकस्वातंत्र्य व श्रमप्रतिष्ठा या मूल्यांत रूपांतरित झाली. मिशनांचे शैक्षणिक कार्य श्रद्धेपासून वेगळे काढून अभ्यासल्यास त्याचे पूर्ण आकलन होत नाही.

२) व्यक्तीच्या अंतःकरणाला महत्त्व देणारी ही श्रद्धा बलुतेदारीवर आधारलेल्या समाजात जमिनीच्या आधाराशिवाय टिकणे कठीण होते. बेथेल वसाहत ही या जाणिवेची निष्पत्ती होय.

३) मराठवाड्यातील या कार्याचे नेतृत्व मोठ्या प्रमाणात भारतीय व्यक्तींनी केले. निजाम राज्याच्या दिवाणाचे साहाय्यही निर्णायक ठरले. म्हणून ख्रिस्ती मिशन व ब्रिटिश सत्ता यांचे सरसकट एकरूपत्व येथे लागू पडत नाही.

४) पृथक् वसाहतीने माणसांना आश्रय दिला, परंतु गावगाड्याची रचना बदलली नाही. समता हे मूल्य मंडळीच्या आत जितके रुजले, तितके ते बाहेरच्या समाजात व कायद्यात उतरले नाही.

मराठवाड्याच्या सामाजिक परिवर्तनाचा इतिहास लिहिताना दलित चळवळ व हैदराबाद मुक्तिसंग्राम यांच्याबरोबरच जालन्याजवळच्या या लहानशा वसाहतीचीही नोंद होणे आवश्यक आहे. एखाद्या श्रद्धेचे मोल ठरविताना तिच्या कबुलीजबाबाइतकेच तिच्या आश्रयाला आलेल्या सर्वांत दुर्बल माणसाच्या वाट्याला काय आले, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य होय. या कसोटीवर बेथेलचा प्रयोग अपुरा ठरतो. मात्र भूमिहीनाला भूमी व अक्षरहीनाला अक्षर देण्याइतकी ती श्रद्धा कृतिशील होती, हेही तितकेच खरे आहे.